थेंब तीन नॅनोमीटरचा, कण सात नॅनोमीटरचा: असे का?

तुमच्या प्रश्नात तीन अडचणी एकत्र आल्या आहेत. चांदीचे अतिसूक्ष्म कण करण्यासाठी आयसोऑक्टेन या तेलात ०.१ मोलर एओटी हा सर्फॅक्टंट (पाणी आणि तेल यांच्या सीमेवर बसणारा साबणासारखा पदार्थ) घेऊन तुम्ही दोन मायक्रोइमल्शन, म्हणजे तेलात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब असलेली पारदर्शक मिश्रणे, तयार केली, एकात ०.१ मोलर सिल्व्हर नायट्रेट आणि दुसऱ्यात सोडियम बोरोहायड्राइड हा क्षपणक (चांदीच्या आयनांचे धातूत रूपांतर करणारा), आणि दोन्ही एकत्र केली. पाणी आणि एओटी यांचे मोल-गुणोत्तर १० असताना सूत्रानुसार पाण्याच्या थेंबाचा व्यास ३ नॅनोमीटर येतो, परंतु टीईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) चित्रांत चांदीचे कण ६ ते ७ नॅनोमीटरचे दिसले, आणि गुणोत्तर १५ केल्यावर ते फारसे वाढलेही नाहीत. दुसरी अडचण तुमच्या सहकाऱ्याची आहे: त्यांनी एओटीऐवजी सीटॅब हा दुसरा सर्फॅक्टंट घेतला तेव्हा क्षपणक घालण्याआधीच फिकट पिवळा अवक्षेप बसला. तिसरी अडचण सर्वांचीच असते, ती म्हणजे एवढ्या सर्फॅक्टंटमधून कण वेगळे कसे काढायचे.

पहिल्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण तिच्या मुळाशी एक समजूत आहे, जी पाठ्यपुस्तकांतील सुबक आकृत्यांमुळे पक्की झालेली असते. तेलात तरंगणारा थेंब, त्याभोवती सर्फॅक्टंटचे कुंपण आणि आत घडणारा, थेंबाएवढाच वाढून थांबणारा कण, अशी ती आकृती असते. थेंब म्हणजे साचा आणि कण म्हणजे त्यात ओतलेला धातू, असे त्यावरून वाटते. तुमच्याच आकड्यांवर हे तपासून पाहू.

एओटी आणि आयसोऑक्टेन यांच्यासाठी थेंबाची त्रिज्या, नॅनोमीटरमध्ये, गुणोत्तराला ०.१५ ने गुणून ढोबळमानाने मिळते. गुणोत्तर १० म्हणजे त्रिज्या १.५ नॅनोमीटर आणि घनफळ सुमारे १४ घन नॅनोमीटर. ०.१ मोलर द्रावणाच्या एवढ्या घनफळात चांदीचे आयन किती, याचा हिशेब केला तर उत्तर येते ०.८५. म्हणजे सरासरीने एका थेंबाच्या वाट्याला एक आयनसुद्धा येत नाही. आयनांची वाटणी प्वासाँच्या, म्हणजे यदृच्छेने होणाऱ्या वाटणीच्या, नियमाने होते असे मानले, तर सुमारे ४३ टक्के थेंबांत चांदी मुळीच नसते, ३६ टक्के थेंबांत एकच आयन असतो, आणि दोन किंवा अधिक आयन असलेले थेंब जेमतेम २१ टक्के भरतात. याउलट ३ नॅनोमीटर व्यासाच्या भरीव चांदीच्या कणात सुमारे ८३० अणू लागतात आणि तुम्हाला दिसलेल्या ७ नॅनोमीटरच्या कणात सुमारे साडेदहा हजार. तुमचा एकेक कण सुमारे बारा हजार थेंबांतील चांदी गोळा करून झालेला आहे. प्रत्येक थेंब आपापल्या जागी स्वतंत्र राहिला असता, तर तुमच्या बाटलीत मोजण्याजोगा कणच तयार झाला नसता.

ही गोळाबेरीज थेंबांच्या टकरांतून होते. तेलातील थेंब सतत एकमेकांवर आदळत असतात. बहुतेक टकरांत ते नुसते दूर सरकतात, पण हजारो टकरांतून एखाद्या वेळी दोघांमधील सर्फॅक्टंटचा थर उघडतो, दोन थेंब क्षणभर एक होतात, आतील आयन आणि अणू मिसळतात आणि थेंब पुन्हा वेगळे होतात. फ्लेचर, हाऊ आणि रॉबिन्सन यांनी १९८७ मध्ये एओटीच्या थेंबांसाठी या देवघेवीचा वेग मोजला, तो साधारणपणे दर मोलर दर सेकंद १० लाख ते १ कोटी इतका आहे. थेंबांची संहती मिलिमोलरच्या आसपास धरली, तर प्रत्येक थेंबाची दुसऱ्याशी देवघेव दर एका मिलिसेकंदाला किंवा त्याहूनही लवकर होते. बोरोहायड्राइडचे क्षपण झटपट होते, त्यामुळे बीजकण, म्हणजे ज्यांच्यावर पुढची चांदी साचते ते पहिले चिमुकले कण, कोठे आणि किती जन्मतील, आणि उरलेली चांदी कोणाच्या वाट्याला जाईल, हे या देवघेवीवर ठरते. एकदा बीजकण झाला की तो ज्या थेंबात आहे त्या थेंबाला भेटणारी चांदी त्याच्यावरच जमा होत जाते. कण थेंबापेक्षा मोठा झाला तरी काही बिघडत नाही, सर्फॅक्टंटचे रेणू त्याच्याभोवती नवे आवरण धरतात.

तेव्हा अंतिम आकारमान ठरते ते मुख्यतः बीजकणांच्या संख्येवरून. चांदी तेवढीच असताना बीजकण आठपट झाले तर प्रत्येक कणाचा व्यास निम्मा होईल. पाण्याचे गुणोत्तर हे आकारमानाचे थेट माप नाही. ते थेंबातील पाण्याचे स्वरूप आणि थराची लवचीकता बदलते आणि त्यातून देवघेवीचा वेग बदलते. गुणोत्तर कमी असताना बहुतेक पाणी एओटीच्या डोक्यांना (रेणूच्या पाण्याकडील टोकांना) आणि सोडियम आयनांना बांधलेले असते आणि थर कडक असतो. गुणोत्तर वाढते तसे मोकळे पाणी वाढते, थर नरम पडतो आणि कणांचे आकारमानही वाढते. १० ते १५ च्या पुढे हा परिणाम मंदावतो, कारण तोपर्यंत पाण्याचे स्वरूप बरेचसे साध्या पाण्यासारखे झालेले असते. तुमचे १० आणि १५ मधले कण जवळजवळ सारखे आले यात नवल नाही. फरक पाहायचा असेल तर २, ४, ६ आणि ८ अशी गुणोत्तरे घ्या.

आणि बीजकणांची संख्या बदलायची असेल तर इतर कळा फिरवा. क्षपणकाचे प्रमाण वाढवले की सुरुवातीच्या क्षणीच अधिक थेंबांत अणू तयार होतात, बीजकण वाढतात आणि कण लहान येतात. तेल बदलले तरी परिणाम दिसतो: सायक्लोहेक्झेनचे रेणू सर्फॅक्टंटच्या शेपट्यांमध्ये (तेलाकडील टोकांमध्ये) सहज शिरून थर कडक करतात, त्यामुळे त्यातील देवघेव आयसोऑक्टेनपेक्षा सुमारे दहापट मंद असते. देवघेवीच्या वेगाचा चांदीच्या कणांवर काय परिणाम होतो यावर आपल्याकडेच, पवईच्या आयआयटी मुंबईत, बागवे आणि खिलार यांनी एओटीच्याच प्रणालीत काम केलेले आहे. तुमच्या विषयाला ते इतके जवळचे आहे की प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात ते यायलाच हवे. मेंटर विद्यार्थ्यांना परदेशी निबंधांची यादी देतात आणि हे राहून जाते, असे मी अनेकदा पाहिले आहे.

साच्याच्या कल्पनेला छेद देणारे आणखी एक उदाहरण सांगतो. फ्रान्समधील मारी-पॉल पिलेनी यांच्या गटाने तांब्याचे एओटी लवण वापरून उलट्या मिसेलमध्ये (तेलातील, सर्फॅक्टंटने वेढलेल्या पाण्याच्या थेंबांत) तांब्याचे कण केले. त्या प्रणालीत पाण्याच्या प्रमाणाप्रमाणे गोल थेंबांऐवजी एकमेकांना जोडलेल्या नळ्या तयार होतात आणि तेथे लांबट कणही मिळाले. नळीत घडले म्हणून लांबट, असा सरळ अर्थ त्यातून निघत होता. पुढे त्याच गटाने दाखवले की पाण्यात क्लोराइड आयन किती आहेत यावर कांड्यांचे (लांबट कणांचे) प्रमाण फार बदलते, आणि थोड्याशा मिठाने आकार पालटतो. विशिष्ट आयन स्फटिकाच्या विशिष्ट पृष्ठांना चिकटतात आणि त्या दिशेची वाढ रोखतात. ज्या गटाने साच्याचा पुरावा दिल्यासारखे वाटत होते, त्याच गटाने त्याची मर्यादाही प्रामाणिकपणे मांडली.

येथून पुढे हाताच्या कामाकडे वळतो, कारण गणित बरोबर असूनही प्रयोग दर वेळी वेगळा येतो अशी तुमची तक्रार आहे.

सर्वांत मोठा गुन्हेगार एओटी स्वतः असतो. तो हवेतील ओलावा ओढतो. मुंबईत किंवा कोकणात जुलै महिन्यात उघडलेल्या बाटलीतील मेणासारखा गोळा चमच्याला चिकटू लागला की समजावे, त्यात पाणी शिरले आहे. ५० मिलिलिटरची दोन मायक्रोइमल्शन करायला एकूण १० मिलिमोल, म्हणजे सुमारे ४.४५ ग्रॅम एओटी लागतो. त्यात फक्त ३ टक्के ओलावा असला तरी साधारण ०.१३ ग्रॅम पाणी न मोजता आत जाते आणि तुमचे गुणोत्तर पाऊणने वाढते. १० चे पावणेअकरा झाले तर एक वेळ चालेल, पण मी वर सुचवलेल्या २ च्या प्रयोगात हीच चूक एक तृतीयांशाहून अधिक होते. एओटी निर्वात ओव्हनमध्ये सुकवा, डेसिकेटरमध्ये ठेवा आणि शक्य असेल तर आयसोऑक्टेनमधील द्रावणाचे कार्ल फिशर टायट्रेशन करून पाण्याचा खरा आकडा वहीत लिहा. माझ्या स्वतःच्या सुरुवातीच्या काळात एका पावसाळ्यातील सहा आठवड्यांचे निकाल मला याच कारणासाठी बाजूला ठेवावे लागले होते. तोवर मी सगळा दोष स्टररच्या वेगाला देत होतो.

दुसरी बाब लवणाची. नुसते पाणी घेऊन गुणोत्तर २० पर्यंत मायक्रोइमल्शन स्वच्छ राहते हे पाहून विद्यार्थी निश्चिंत होतात आणि मग त्याच जागी ०.५ मोलर लवणाचे द्रावण घालतात. एओटीसारख्या आयनिक सर्फॅक्टंटची पाणी सामावून घेण्याची क्षमता लवणाने घटते, त्यामुळे स्वच्छतेची चाचणी नेहमी प्रत्यक्ष वापरायच्या द्रावणानेच घ्यावी, आणि तीही प्रयोगाच्या तापमानाला. द्रावण दोन्ही बाजूंनी निखळ पारदर्शक दिसले पाहिजे, ढवळणे थांबवून तासभर ठेवल्यावर तळाशी पाण्याचा थर दिसता कामा नये. डीएलएस (प्रकाशाच्या विखुरण्यावरून थेंबांचे आकारमान मोजण्याची पद्धत) करणार असाल तर एवढे लक्षात ठेवा की ते यंत्र पाण्याच्या गाभ्याबरोबर एओटीचा थरही मोजते, आणि हा थर दोन्ही बाजूंना एक नॅनोमीटरहून थोडा अधिक असतो. म्हणून ३ नॅनोमीटरच्या गाभ्यासाठी ५ ते ६ चा आकडा आला तर यंत्र बिघडलेले नसते.

दोन्ही मायक्रोइमल्शनचे गुणोत्तर आणि एओटीची संहती सारखीच ठेवा, नाहीतर मिसळताना थेंबांचे आकारमानच बदलते आणि तुम्ही नेमके काय मोजत आहात ते कळेनासे होते. ओतण्याच्या पद्धतीकडेही लक्ष द्या. थेंबांतील देवघेव मिलिसेकंदांत होते आणि आपण बीकरमधून बीकरमध्ये ओततो ते सेकंदांत. म्हणजे एका कोपऱ्यात बीजकण तयार होऊन वाढूही लागलेले असतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात अजून बोरोहायड्राइड पोहोचलेले नसते. कणांच्या आकारमानाचा पसरटपणा पुष्कळदा येथून येतो. ढवळणे जोरात असावे, एक मायक्रोइमल्शन दुसऱ्यात एका झटक्यात घालावे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दर वेळी तसेच घालावे.

बोरोहायड्राइडचे द्रावण बर्फाच्या थंड पाण्यात करा आणि काही मिनिटांत वापरा. पाण्याशी त्याची अभिक्रिया होऊन हायड्रोजन सुटत राहतो, त्यामुळे सकाळी केलेले द्रावण दुपारी त्याच ताकदीचे राहत नाही. बाटलीचे झाकण घट्ट लावू नका. हे द्रावण आम्लारिधर्मी असते आणि एओटी हा एस्टर आहे, म्हणून मिश्रण दिवसेंदिवस तसेच ठेवले तर एओटीचे जलविघटन होऊ लागते. कण झाल्यावर पुढची पायरी लवकर उरका. हायड्राझिन हा दुसरा पर्याय आहे, तो सावकाश क्षपण करतो, परंतु तो विषारी आहे आणि कर्करोगकारक मानला जातो. धूरकपाटाशिवाय त्याला हात लावू नये.

सहकाऱ्यांच्या पिवळ्या अवक्षेपाचे कोडे सोपे आहे. सीटॅब हे ब्रोमाइडचे लवण आहे. सिल्व्हर ब्रोमाइड पाण्यात इतके अल्प विरघळते की चांदी आणि ब्रोमाइड एकत्र आले की ते खाली बसणारच. फोटोग्राफीच्या फिल्ममधला हाच तो पदार्थ. चांदीसाठी एओटी किंवा ट्रायटन एक्स-१०० सारखा बिगर-आयनिक सर्फॅक्टंट घ्यावा, आणि नळाचे पाणी, क्लोराइड असलेली लवणे व नीट न धुतलेली काचेची भांडी दूर ठेवावीत. सीटॅब सोने, प्लॅटिनम आणि पॅलॅडियम यांच्यासाठी चांगले चालते, मात्र त्याला हेक्झेनॉल किंवा ब्यूटेनॉलसारखा सहसर्फॅक्टंट लागतो. एओटीला तो लागत नाही, कारण त्याच्या दोन फांद्या असलेल्या शेपट्या डोक्यापेक्षा जास्त जागा घेतात आणि थर आपोआप पाण्याकडे वळतो.

आता कण वेगळे करणे. चांदीसाठी माझी नेहमीची रीत अशी आहे: मिश्रणात थोडेसे डोडेकेनथायॉल घालायचे, म्हणजे ते कणांच्या पृष्ठभागाला धरते, नंतर आयसोऑक्टेन कमी दाबावर उडवायचे आणि उरलेल्यावर इथेनॉल ओतायचे. एओटी इथेनॉलमध्ये विरघळतो, थायॉलचे आवरण असलेली चांदी विरघळत नाही आणि गोळा होऊन बसते. सेंट्रिफ्यूज करा, इथेनॉलने दोन-तीनदा धुवा आणि हेक्झेन किंवा टोल्युइनमध्ये पुन्हा पसरवा. पिवळा रंग आणि ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश-शोषणाचा माथा परत आला तर कण शाबूत आहेत. माथा रुंद होऊन लांब तरंगलांबीकडे शेपूट वाढली असेल तर ते एकमेकांना चिकटले आहेत.

उत्प्रेरकासाठी कण हवे असतील तर मात्र ही रीत वापरू नका. गंधक प्लॅटिनम आणि पॅलॅडियमला विषासारखे असते आणि थायॉलमध्ये ते आहेच. एओटीच्या सल्फोनेट गटातही ते आहे, शिवाय भाजल्यावर मागे सोडियम उरते. म्हणूनच १९८२ मध्ये बूतोने, किझलिंग, स्टेनियस आणि मेर यांनी मायक्रोइमल्शनमधून प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम आणि इरिडियम यांचे ३ ते ५ नॅनोमीटरचे कण केले तेव्हा सीटॅब आणि बिगर-आयनिक इथर वापरले आणि क्षपणासाठी हायड्रोजन किंवा हायड्राझिन घेतले. या क्षेत्राची सुरुवात त्यांच्याच त्या कामापासून मोजतात. उत्प्रेरकाच्या कामात ॲल्युमिना, सिलिका किंवा कार्बनची आधारपूड मायक्रोइमल्शनमध्येच ढवळत ठेवतात आणि टेट्राहायड्रोफ्युरान किंवा ॲसिटोन हळूहळू घालून मायक्रोइमल्शन मोडतात, म्हणजे कण तेलात गोळा न होता पुडीवर बसतात. येथे घाई केली की कण पुडीवर बसण्याऐवजी एकमेकांवर बसतात.

इतर धातूंविषयी थोडक्यात. तांबे नायट्रोजनखाली करावे, ५६० ते ५७० नॅनोमीटरचा माथा दिसतो, आणि हवा लागली की तो पुसट होत जातो. निकेल आणि कोबाल्ट यांना पाण्यात बोरोहायड्राइड वापरले तर शुद्ध धातूऐवजी बोराइड मिळण्याचा मोठा संभव असतो, आणि टीईएममधील काळा गोल ठिपका पाहून ते कळत नाही, त्यासाठी घटक-विश्लेषण करावे लागते. सोन्यासाठी तर मी मायक्रोइमल्शनची वाट सहसा सुचवतच नाही. पाण्यात कण हवे असतील तर टर्केविच यांची १९५१ ची सायट्रेटची पद्धत आणि तेलात हवे असतील तर ब्रुस्ट आणि शिफ्रिन यांची १९९४ ची थायॉलची पद्धत अधिक सोपी आणि स्वस्त आहे.

स्वस्ताईचा हिशेबही एकदा करून ठेवा. तुमच्या १०० मिलिलिटरमध्ये एकूण पाणी १.८ मिलिलिटर, त्यातले चांदीचे ०.९ मिलिलिटर, आणि त्यातली चांदी ९.७ मिलिग्रॅम. म्हणजे साडेचार ग्रॅम एओटी आणि जवळजवळ १०० मिलिलिटर आयसोऑक्टेन खर्च करून, काहीही वाया गेले नाही तरी, दहा मिलिग्रॅमहून कमी माल हाती येतो. संहती वाढवून हे थोडे सुधारते, पण लवणाची मर्यादा वर सांगितलीच आहे. मायक्रोइमल्शनचा खर्च वसूल होतो तो दोन धातूंच्या मिश्र कणांत, सिलिकाचे आवरण असलेल्या कणांत आणि अत्यल्प मौल्यवान धातू लागणाऱ्या उत्प्रेरकांत. मिश्र कणांतही देवघेवीचा वेग आणि दोन धातूंच्या क्षपणाचे वेग यांच्या शर्यतीवर आतला गाभा कोणता आणि बाहेरचा थर कोणता हे ठरते. सोन्याचे क्षपण प्लॅटिनमपेक्षा लवकर होते, म्हणून दोन्ही एकाच वेळी घातली तरी सोने आत जाण्याची प्रवृत्ती दिसते.

शेवटी तुमच्या ६ ते ७ नॅनोमीटरच्या आकड्याबद्दल. तुम्ही तो ४० कण मोजून काढला आहे आणि चित्राच्या कडेला एओटीचे डाग स्पष्ट दिसतात. ग्रिडवर थेंब टाकण्याआधी कण एकदा धुऊन घ्या, वेगवेगळ्या चौकोनांतील किमान २०० कण मोजा आणि सरासरीबरोबर प्रमाण विचलनही द्या. एक्स-किरण विवर्तनाचा पडताळा घ्या: तांब्याच्या किरणांनी चांदीचे मुख्य शिखर ३८.१ अंशांवर येते, आणि कण ५ नॅनोमीटरचे असतील तर त्याची रुंदी शेररच्या सूत्राने सुमारे १.७ अंश, ७ नॅनोमीटरचे असतील तर सुमारे १.२ अंश यायला हवी. यंत्राची स्वतःची रुंदी आधी वजा करा. हे दोन्ही आकडे जुळले, की मग गुणोत्तर १० वरच ठेवून फक्त बोरोहायड्राइड दुप्पट आणि चौपट करून पाहा. तुमच्या बाटलीत बीजकणांची संख्या ठरवणारी कळ तीच आहे की दुसरी कोणती, याचे उत्तर त्या तीन बाटल्यांत मिळेल.